शब्दकोश रोडावतो तेव्हा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की कोकणात कारीट नावाचे एक लहानसे फळ पायाखाली फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. लाडू-करंज्यांवर हात मारण्यापूर्वी माणसाने थोडे कडू चाखावे, अशी ती रीत. आमच्या भंडाऱ्याकडे ही चाल नाही. आमच्याकडे कौतुक गायगोधनाचे, आणि भाऊबीज झाली की गावोगाव भरणाऱ्या मंडईचे. परंतु या दिवाळीला ह्या सदरासाठी जे पुस्तक मी निवडले आहे, ते पाहता वाचकांनी आजच्यापुरती कोकणची चाल पाळावी, अशी विनंती आहे. पुस्तक चांगलेच कडू आहे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची ही कादंबरी, 'नाइन्टीन एटी-फोर'.

कादंबरी जुनी आहे. १९४९ सालच्या जूनमध्ये ती लंडनला प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच जानेवारीत, २१ तारखेला, लेखक क्षयाने वारला. त्या वेळी १९८४ हे साल पुढे होते. आता ते मागे पडूनही चार दशके उलटली. कथा अनेकांना ठाऊक असेल. एक पक्ष, त्याचा सर्वसाक्षी नेता, घराघरांत भिंतीवर असा एक पडदा की जो आपण पाहतो आणि जो आपल्यालाही पाहतो. या राज्यात विन्स्टन स्मिथ नावाचा एक साधा कारकून सत्य-खात्यात नोकरीला असतो आणि जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर आजच्या सोयीप्रमाणे बदलत बसतो. तो चोरून रोजनिशी लिहितो, चोरून प्रेम करतो, पकडला जातो आणि शेवटी आतून मोडतो. इतकी निराश करणारी अखेर मी फार थोड्या कादंबऱ्यांत वाचली आहे.

आता गंमत पाहा. वर्गात ही कथा सांगितली तेव्हा माझ्या समजुतीने मुले त्या पडद्याला दचकायला हवी होती. ती दचकली नाहीत. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, त्याच्याकडे सरकारला पडदा फुकट लावून द्यावा लागला. आम्ही तर आमचा हप्त्याने घेतो." वर्ग हसला, मीही हसलो. परंतु त्या पोराने, नकळत का होईना, मराठीतल्या एका मोठ्या कादंबरीचे सूत्र सांगितले होते. आमच्या नागपूरच्या नंदा खरे यांची 'उद्या' ही कादंबरी २०१४ साली आली. खरे व्यवसायाने स्थापत्य अभियंते. माणसाच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचे चित्र त्यांनीही काढले. पण दोरी राजकीय पक्षाच्या हाती न ठेवता धंद्याच्या हाती दिली. त्या कादंबरीला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला. जुलै २०२२ मध्ये ते गेले. ऑर्वेलने दहशतीला साल दिले होते आणि साल कधी ना कधी उलटते. खऱ्यांनी नुसते 'उद्या' म्हटले. ते उलटत नाही, ही या नावातली मेख आहे.

असो. पडद्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते आहेत. मी भाषेचा मास्तर. मला या कादंबरीत ज्या माणसाची भीती वाटली, तो पोलिस नाही, छळ करणारा अधिकारीही नाही. तो आहे साइम. विन्स्टनचा हा ओळखीचा माणूस भाषाशास्त्रज्ञ आहे. पक्षाने एक नवी भाषा काढली आहे, 'न्यूस्पीक'. आपण तिला नवभाषा म्हणू. तिच्या कोशाच्या अकराव्या आवृत्तीचे काम साइमकडे आहे. उपाहारगृहात बेचव जेवण जेवता जेवता तो आपल्या कामाची थोरवी मोठ्या उत्साहाने सांगतो. जगातला प्रत्येक कोशकार शब्द गोळा करतो. साइम शब्द मारतो. रोज शेकड्यांनी. 'चांगला' हा शब्द आहे ना, मग 'वाईट' कशाला हवा? 'अचांगला' म्हणा, भागले. 'उत्तम', 'उत्कृष्ट', 'झकास' ही खोगीरभरती कशाला? 'अधिकचांगला' म्हणा. फारच चांगला असेल तर 'दुप्पटअधिकचांगला'. जगातल्या सगळ्या भाषा वाढतात, आमची एकटीच दरवर्षी रोडावते, याचा त्याला अभिमान आहे. शब्दच उरले नाहीत म्हणजे राजद्रोहाचा विचार करायला साधनच उरणार नाही, असा त्याचा हिशेब.

हा माणूस मला परका वाटला नाही. तो बुद्धिमान आहे, आपल्या विषयावर त्याचे प्रेम आहे, शब्दाची नस त्याला कळते. अशी माणसे आम्हा भाषेच्या लोकांत पुष्कळ असतात. विन्स्टनला मात्र त्याच्याकडे पाहताना एकच गोष्ट दिसते: हा फार स्पष्ट पाहतो, फार स्पष्ट बोलतो, म्हणून हा जाणार. आणि एके दिवशी बुद्धिबळ मंडळाच्या यादीतून साइमचे नाव नाहीसे झालेले असते. कोणी विचारीत नाही. कोशातून शब्द जावा तसा तो गेला.

ऑर्वेलला ही कल्पना सुचली कुठून? त्याचा जन्म आपल्याकडचा, बिहारमधल्या मोतिहारीचा, २५ जून १९०३. वडील सरकारच्या अफूखात्यात होते. पुढे तो ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी झाला, नोकरीला कंटाळून परतला आणि लेखक झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३, तो बीबीसीच्या पौर्वात्य विभागात हिंदुस्थानासाठी कार्यक्रम करीत असे. येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण या खोलीत एक मराठी बाई बसलेल्या आहेत. त्यांचे नाव वेणू चितळे. बीबीसीच्या 'व्हॉइस' या कार्यक्रमाचे १९४२ सालचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात टी. एस. एलियट आहेत, मुल्कराज आनंद आहेत, मागे उंच, हडकुळा ऑर्वेल उभा आहे आणि तेथेच वेणूबाईही आहेत. मराठी श्रोत्यांसाठी जी वार्तापत्रे तेव्हा लंडनहून जात, त्यांचा इंग्रजी मजकूर ऑर्वेल तयार करी आणि तो मराठीत उतरून आकाशवाटेने इकडे येई. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी युद्धाच्या धामधुमीत रेडिओला कान लावून बसले असतील, तर त्यांनी ऑर्वेल मराठीतून ऐकला असण्याचा पुरा संभव आहे, आणि नाव मात्र त्यांच्या कानी पडले नसेल.

त्या काळी बीबीसीवर शब्दन्‌शब्द तपासनिसाच्या शिक्क्याशिवाय जात नसे. आणि त्याच सुमारास ऑर्वेल 'बेसिक इंग्लिश' या प्रयोगाकडे कुतूहलाने पाहत होता. सी. के. ऑग्डेन या विद्वानाने अवघ्या ८५० शब्दांत इंग्रजी बसवली होती. जगातल्या कोणालाही ती चटकन यावी, हा शुद्ध हेतू. एकीकडे शिक्का, दुसरीकडे ८५० शब्द. साइमचा जन्म या दोहोंच्या मध्ये कुठेतरी झाला असावा, असा माझा आपला तर्क.

२५ जून ही तारीख वाचकांच्या मनात अडकली असेल. ऑर्वेलच्या जन्मानंतर बरोबर ७२ वर्षांनी, २५ जून १९७५ च्या रात्री, आपल्याकडे आणीबाणी पुकारली गेली. योगायोगच, त्यातून फलज्योतिष काढू नये. माझा जन्म त्यानंतरचा. पण आमच्या घरी थोरली माणसे त्या काळाविषयी बोलत तेव्हा एक शब्द हटकून येई: अनुशासन. पवनारला विनोबांचे मौन चालू होते आणि मौनातच त्यांनी 'अनुशासनपर्व' असे दोन शब्द लिहून दिले. सरकारने ते उचलले आणि देशभर झळकवले. आता हे पर्व महाभारतातले. शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला उपदेश करतात ते हे पर्व. म्हणजे तेथे अनुशासनाचा अर्थ जाणत्याने दिलेली शिकवण. भिंतीवर रंगवल्यावर त्याचा अर्थ झाला गाड्या वेळेवर धावणे आणि तोंड मिटून बसणे. जानेवारी १९७६ मध्ये विनोबांनी पवनारला आचार्यांचे संमेलन बोलावले. आचार्यांचे असते ते अनुशासन, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन, असा फरक त्यांनी सांगितला. परंतु तोवर शब्द हातचा गेला होता. आजही शाळेत 'अनुशासन' म्हटले की पोरांना रांग आठवते, भीष्म आठवत नाहीत. त्याआधी महिनाभरच, डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध आवाज उठवला होता. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. वर्षभरात एक शब्द आणि एक लेखिका, दोघेही सरकारजमा.

येथवर ऑर्वेलचे गणित बरोबर येते: वर सत्ता, खाली शब्दाचा बळी. माझा अनुभव मात्र पुढे निराळे सांगतो, आणि तो मांडण्यासाठी मला तलावावर जावे लागेल.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. धानाच्या शेतीसाठी शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजातल्या जाणत्यांनी, त्या काळच्या राजांच्या आणि पुढे मालगुजारांच्या आश्रयाने, हे तलाव बांधले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. कागदोपत्री त्यांचे नाव पडले 'माजी मालगुजारी तलाव'. एवढे लांब नाव कोण लिहील? दोन आद्याक्षरे घेतली, 'मामा तलाव' झाले. कचेरीत मामा, वर्तमानपत्रात मामा, आता गावच्या चावडीवरही मामाच. एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले होते की, हा तलाव पूर्वी गावातल्या कोण्या मामाने बांधला असून त्याचे नाव आता कोणास आठवत नाही. मी हसलो खरा. पण ऑर्वेलने कादंबरीच्या परिशिष्टात नेमके हेच सांगितले आहे: लांब नावाचे आखूड केले की त्याला लोंबणाऱ्या आठवणी गळून पडतात. 'मालगुजार' म्हटले की वाडा येतो, वेठ येते, जुलूम येतो, आणि तलावाच्या पाण्यावर, मासळीवर, गाळावर गावाचा म्हणून जो निस्तार-हक्क होता तोही येतो. 'मामा' म्हटले की यातले काहीच येत नाही. तलावात बेशरमीचे रान माजले, गाळ साचला, पाळ खचली, तरी त्यावर कोणाचा हक्क होता आणि कोणाचे कर्तव्य होते, हे विचारण्याची वाटच बुजली. आणि हे करायला कोणी हुकूमशहा लागला नाही. एका कंटाळलेल्या कारकुनाने हे काम केले असेल. त्याच्या मनात पापही नसेल.

दुसरा शब्द पवनी तालुक्यातला. वैनगंगेवर गोसीखुर्दला मोठे धरण झाले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. पाणी चढत गेले तशी गावे उठली. या गावांना सरकारी मराठीत 'बुडीत क्षेत्र' म्हणतात. वाण्याच्या चोपडीत 'बुडीत खाते' असते ना, त्याचाच हा भाऊ: येणे बुडाले, आता त्याचा विचार करू नये. व्याकरण शिकवणाऱ्याच्या नजरेला यात एक खुबी दिसते. 'बुडीत' म्हटले की कर्ता नाहीसा होतो. गाव जणू आपणहून पाण्यात उतरले. पुनर्वसनाच्या गावठाणात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंशी एकदा बोलणे झाले. मी सहज म्हणालो, "आजी, तुमचं गाव बुडालं त्याला किती वर्षं झाली?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले आणि म्हणाल्या, "बुडलं नाई गुरुजी, बुडवलं."

अवघे एक अक्षर, 'व'. अकर्मकाचे प्रयोजक झाले आणि कर्ता पुन्हा वाक्यात येऊन बसला. बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. येथे मला ऑर्वेलशी भांडावेसे वाटते. शब्द काढून घेतला की विचार मरतो, हे त्याच्या पक्षाला वाटते आणि वाचता वाचता आपल्यालाही पटू लागते. पण ज्याला बोलायचेच आहे, तो उरलेल्या शब्दांची शेपटी पिरगाळून बोलतो. खरे तर ऑर्वेललाही हे माहीत असावे. कादंबरीतल्या गोरगरिबांवर, कामकऱ्यांवर पक्ष नवभाषा लादत नाही. त्यांना तो मोजतच नाही. विन्स्टनची सगळी आशा त्यांच्यावर असते. आणि ते परिशिष्ट, ज्यात नवभाषेचे नियम दिले आहेत, ते सगळे भूतकाळात लिहिलेले आहे, आणि साध्या, जुन्या, भरल्या अंगाच्या इंग्रजीत. नवभाषा 'होती', असे तेथे म्हटले आहे. म्हणजे कोणीतरी नंतर उरला आणि त्याच्यापाशी पुरेसे शब्दही उरले. पुष्कळ वाचक परिशिष्टापूर्वीच पुस्तक मिटतात, त्यामुळे त्यांना ही फट दिसत नाही.

मग माझे समाधान झाले का? झाले असते, पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने तास संपल्यावर एक प्रश्न विचारला. "सर, विन्स्टन घरी काय बोलायचा?" मला आधी प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "म्हणजे, आम्ही कॉलेजात मराठी बोलतो आणि घरी आमची बोली. त्याला घरची वेगळी बोली होती का? असती तर पक्षाला कळलं नसतं तो काय बोलतो ते." विन्स्टनला आई आठवते, धाकटी बहीण आठवते, तिच्या हातून हिसकलेला चॉकलेटचा तुकडा आठवतो, आई कोणत्या बोलीत बोलत होती, ते पुस्तकात नाही. त्या मुलीने मात्र लपायची जागा बरोबर हेरली होती.

आमची घरची बोली म्हणजे झाडीबोली. तिच्यात 'ण' नाही, त्याचा 'न' होतो. 'ळ' नाही, त्याचा 'र' होतो. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो. साकोलीच्या बाजूला डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी हयात घालवून या बोलीचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश केला, तिची साहित्य संमेलने खेड्यापाड्यांत भरू लागली. त्यांना मी मनातल्या मनात उलटा साइम म्हणतो. परंतु एसटीत एकदा पुढच्या बाकावर एक तरुण आई होती. मांडीवरचे पोर खिडकीतून बाहेर पाहून "पानी, पानी" म्हणत होते. तिने त्याचा हात दाबला आणि आजूबाजूला पाहत हळूच म्हणाली, "पाणी म्हण. सगळे हसतील." कोणीही हसत नव्हते. कोणी ऐकतही नव्हते, मी सोडून. तिला कोणत्या खात्याने फर्मान पाठवले होते? नवभाषेला कोश लागला, पोलिस लागले, तळघर लागले. येथे एका आईची भीड पुरली.

मी प्रमाण मराठीचा विरोधक नव्हे. उत्तरपत्रिकेत 'पानी' आले तर मी ते खुणावतो आणि पुढेही खुणावीन. परीक्षेला बसलेल्या मुलाचे नुकसान करून बोलीवर प्रेम दाखवणे मला मान्य नाही. पण खुणावताना मुलाला एवढे तरी कळले पाहिजे की हा शब्द चुकीचा नसून येथे चालत नाही, इतकेच. हा फरक सांगायला मला वर्गात पाच मिनिटे लागतात. अभ्यासक्रमात त्या पाच मिनिटांना जागा नाही, ती चोरावी लागतात. विन्स्टनने रोजनिशी चोरून लिहिली, त्या मानाने ही चोरी फारच किरकोळ.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मुलीला घरचे काम दिले होते: आजीपाशी बसायचे आणि धानाचे शब्द लिहून आणायचे. त्या दिवसांत हलका धान कापणीला आलेला असतो, आजींनाही बोलायला विषय असतो. सुट्टी संपल्यावर तिने वही दिली. आवत्या, पऱ्हे, रोवणी, बांधी, धुरा, पुंजणे, तणस... पाने भरली होती आणि प्रत्येकापुढे प्रमाण मराठीत अर्थ. 'चुरणा' या शब्दापुढे तिने आधी 'मळणी' असे लिहून खोडले होते. मी विचारले, "का खोडलंस? बरोबर आहे की."

ती म्हणाली, "आजी नाही म्हणते सर. मळणी मशीनची. चुरण्याला बैल लागतात, रात्र लागते, माणसं लागतात."

"मग अर्थ काय लिहायचा?"

"तेच तिला विचारलं. ती म्हणाली, चुरणा म्हणजे चुरणा."

तेवढी जागा वहीत अजून कोरीच आहे.